देवीखालची पेटी

यंत्र कधी खोटं बोलत नाही. म्हणूनच बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात यंत्राला कुणी काही विचारत नाही.

धुरांड्याच्या पंख्याची मोटर फेब्रुवारीत पुन्हा जळली. वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह बसवल्यापासून तिसऱ्यांदा. त्याआधी अकरा वर्षं तिची तक्रार नव्हती. तरी बैठकीत विषय एकच: वाइंडिंग करणाऱ्या, म्हणजे जळकी मोटर नव्या तारेने भरून देणाऱ्या गुंडूरावांचं नाव यादीतून काढायचं का. इतिवृत्त लिहायला मी होतो.

गुंडूराव जळकी गुंडाळी पिशवीतून घेऊनच आले.

"बघा. पहिले चार वेढे काळे, बाकी नव्यासारखे. माझं काम वाईट असतं, तर जळताना एवढी निवड झाली असती काय?"

"अण्णा, स्वल्प सोपं करून सांगा," मॅनेजर वेणुगोपाल म्हणाले.

"ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो, जोडतो. प्रत्येक झटका केबलमधून धावत येतो, मोटरच्या दाराशी आपटून दुप्पट होतो. मार खातात पहिले वेढे. केबल लांब, तसा मार जास्त. तुमची किती?"

"एकशे दहा मीटर," मेंटेनन्सचे रविकिरण म्हणाले. ड्राइव्ह मोटरजवळच बसायचा होता. पाहुण्यांना दिसावा म्हणून तो पुढच्या काचेच्या एसी खोलीत बसला.

"मग झटके अडवायला फिल्टर लागतो. दिला नाही ड्राइव्हवाल्यांनी?"

रविकिरण छताकडे बघू लागले. "दिलाय."

"कुठाय?"

फिल्टर ड्राइव्हशेजारीच होता, पेटीत. दसऱ्यातल्या आयुधपूजेला देवीचा फोटो ठेवायला काहीतरी उंच हवं होतं आणि पेटी नेमकी मापाची निघाली. वर लाल कापड, कुंकू, हार. तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

गुंडूराव ते पाहून आले आणि उभ्यानेच बोलले. "भरलेल्या मोटरीवर आमचे वडील हाताने नाव लिहायचे. मीही लिहितो. तीनदा तुम्ही ते नाव अख्ख्या इंडस्ट्रियल एरियात बदनाम केलंत, आणि इलाज देवीच्या बुडाखाली."

"सरी, तुमचं म्हणणं बरोबर आहे, अण्णा," वेणुगोपाल मऊपणे म्हणाले. "पण बसलेली देवी मधेच उठवायची कशी? पुढच्या पूजेला उठवू."

"आणि तोवर मोटर?"

"तोवर दुसऱ्या कुणाकडून भरून बघू."

मी तसं लिहून घेतलं आणि यादीतलं नाव खोडलं. आयुधपूजेला अजून सात महिने आहेत.