फिलोमेनाची शेवंती

डॉक्टर पद्माकर स्वतःला 'पॅडी' म्हणवून घ्यायचा. साउथहॅम्प्टनच्या ज्या हॉस्पिटलात मी मॅटर्निटी वॉर्डची स्टाफ नर्स होते, तिथेच तो सर्जरीचा रजिस्ट्रार. तोंडावर मी त्याला 'अहो डॉक्टर' म्हणत असे, पण मनातल्या मनात त्याला अहोजाहो करणं मला कधी जमलं नाही. घरी मराठी बोललेलं त्याला खपत नसे. इंग्रजी बोलणं बिघडतं म्हणे. बायको सुप्रभा माझी मैत्रीण. ती माझ्याशी मराठी बोलायची ती बस-स्टॉपवर.

आमच्या वॉर्डची साफसफाई फिलोमेना करायची. उत्तर पोर्तुगालमधल्या कुठल्याशा खेड्यातली, पन्नाशीची बाई. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. आजारी होऊन इथेच उतरला आणि इथेच गेला. दर एक नोव्हेंबरला ती रजा घ्यायची. त्या दिवशी त्यांच्याकडे सगळं गाव दफनभूमीत जातं, थडगी घासूनपुसून धुतं, शेवंतीच्या कुंड्या मांडतं, मेणबत्त्या लावतं. गावातली पोरं दारोदार 'देवाच्या नावानं पाव द्या' म्हणत हिंडतात, आणि त्यांना दिलेलं आपल्या मेलेल्यांना पोचतं. साउथहॅम्प्टनमध्ये तिच्या दारी कुठलं पोर येणार? म्हणून बडीशेप आणि मध घातलेले छोटे पाव भाजून ती दुसऱ्या दिवशी आम्हाला आणून द्यायची.

एका वर्षी पद्माकर नेमका तेव्हा वॉर्डच्या किचनमध्ये आला. दोन पाव खाल्ले आणि हाताखालच्या डॉक्टरांना म्हणाला, "साडेचारशे वर्षं गोव्यात राज्य केलं या लोकांनी. आता आमच्या लाद्या पुसतात आणि भुतांना जेवायला घालतात." सगळे हसले. त्याच्या टायवर चुरा सांडला होता. त्याच महिन्यात त्याने पुण्याला भावाला कळवलं होतं की वडिलांचं श्राद्ध तूच उरकून घे, मला परीक्षा आहे. परीक्षा कसली, गोल्फ होता.

एकोणसत्तर साली सुप्रभाला मुलगी झाली. एकोणीस तास जगली. मी ड्यूटीवर होते; मीच तिला टॉवेलात गुंडाळून पोर्टरच्या हाती दिली. पद्माकरने उभ्याउभ्या फॉर्मवर सही केली, वाचला नाही. सुप्रभाने विचारलं, "कुठे नेलं तिला?"

"हॉस्पिटल बघतं ते सगळं. तू विचार करू नकोस."

तेव्हा आयांना कुणी काही सांगतच नसे, आणि मीही चौकशी केली नाही. म्हणजे दुसऱ्याला नावं ठेवायचा मला फारसा हक्क नाही. तरी ठेवते.

त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरअखेरीस सुप्रभा तपासणीसाठी आली होती. किचनमध्ये आम्ही चहा घेत होतो. फिलोमेना शेवंतीच्या कुंड्यांना कागद गुंडाळत होती. आपल्या तुटक्या इंग्रजीत तिने सहज विचारलं, "मॅडम, यंदा तुमच्या मुलीला पिवळी नेऊ की पांढरी?"

सुप्रभाला काही समजेना. मग फिलोमेनाच घाबरली. तिला वाटलं होतं, आईला माहीत असणारच. दफनभूमीच्या मागच्या भिंतीलगत हॉस्पिटलच्या बाळांचा कोपरा होता. पहिल्याच वर्षी तिने खड्डे खणणाऱ्या माणसाकडून बाळाच्या जागेचा नंबर विचारून घेतला होता, आणि दरवर्षी नवऱ्याचं थडगं धुऊन झालं की तिकडे एक कुंडी आणि एक मेणबत्ती ठेवून यायची. "तुमची खोली मी झाडत होते ना," ती म्हणाली. "तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता."

सुप्रभाने कप खाली ठेवला.

"पिवळी," ती म्हणाली. "आणि मी बरोबर येते."

दुसऱ्या दिवशी पद्माकर तणतणत माझ्याकडे आला. "अलका, ही झाडूवाली पेशंटच्या खासगी गोष्टीत नाक खुपसते. मी तिच्याविरुद्ध लिहून देणार आहे. तू साक्षीला हवीस."

"द्या ना लिहून," मी म्हटलं. "मीही लिहीन, डॉक्टर. मुलगी कुठे पुरली ते लादी पुसणारीला माहीत होतं आणि बापाला नव्हतं, एवढंच."

त्याने काही लिहिलं नाही. लिहायलासुद्धा थोडी हिंमत लागते.

एक तारखेला आम्ही तिघी बसने गेलो, कारण पद्माकरला गाडी 'सर्व्हिसिंगला' द्यायची होती. नवऱ्याचं थडगं घासून झाल्यावर फिलोमेना आम्हाला मागच्या भिंतीकडे घेऊन गेली. तिथे दगड नव्हता. नंबर घातलेली लाकडाची खुंटी होती. फिलोमेनाने ब्रश पुढे केला आणि घासायला काही नाही हे ध्यानात येऊन परत घेतला. मग सुप्रभा गुडघ्यांवर बसली, हातांनीच गवत उपटलं, कुंडी ठेवली आणि पोरीशी मराठीत मोठ्याने बोलत राहिली. हे थंडीचे दिवस आहेत, इथे असंच असतं, असं काहीबाही. फिलोमेनाला एक अक्षर कळत नव्हतं. ती शेजारी उभी राहून मान हलवत होती.

मी सुप्रभाला घरी सोडायला गेले. पद्माकर पेपर वाचत बसला होता. वर न बघता म्हणाला, "जाऊन काय मिळालं?"

"तिचं नाव ठेवून आले."

पेपर खाली आला. "काय ठेवलंस?"

"ते तुम्हाला नाही सांगणार," सुप्रभा म्हणाली आणि कोट काढायला आत गेली. हे ती मराठीत म्हणाली, आणि त्याने टोकलं नाही.

पुढे तो कन्सल्टंट झाला, मोठं घर घेतलं. सुप्रभा दर नोव्हेंबरला जात राहिली. फिलोमेना गावी परतल्यावर तिच्या नवऱ्याचं थडगंही सुप्रभाच घासू लागली. नाव पद्माकरने तिला आणखी दोनदा विचारलं. एकदा कॉरिडॉरमध्ये मलाही गाठलं, आवाज अगदी खाली आणून. मला नाव माहीत होतं. मी सांगितलं नाही.