बस म्हणू नकोस

माझ्या दादाला ‘थांब’ म्हणता येत नाही. जीभ जड आहे म्हणावं तर एरवी तिला क्षणाचा विसावा नसतो. पण कामावर, जिथे त्या एका शब्दावर त्याचेच हातपाय अवलंबून असतात, तिथे तो ‘बस’ म्हणतो. आणि आमच्या कामात ‘बस’चा अर्थ भलताच आहे, हे त्याच्या कानीकपाळी ओरडून माझ्या तोंडाला फेस आला.

आमचं काम भिंती पाडायचं. पूर्वी दादा घण घेऊन पाडायचा, आता आम्ही दोघं मिळून रोबोटनं पाडतो. रोबोट म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर डोकं, डोळे, गोड आवाज असं काहीतरी येतं. आमच्याला यातलं काही नाही. छातीएवढं उंच लोखंडी धूड, पोटाखाली चालायला रणगाड्यासारखे पट्टे, पुढे एक लांब हात, हाताच्या टोकाला काँक्रीट फोडणारा ब्रेकर आणि चार कोपऱ्यांना चार पाय. चालताना पाय वर घ्यायचे, ठोकताना जमिनीवर पसरून घट्ट रोवायचे, नाहीतर स्वतःच्याच दणक्यानं ते उलथायचं. वर बसायला जागा नाही. चालवणारी मी लांब उभी असते, रिमोट पट्ट्यानं कमरेला लटकवलेला. त्यावर दोन दांड्या, थोडी बटणं आणि सगळ्यांत मोठं लाल बटण, ते दाबलं की सगळं ठप्प.

“उंटावरून शेळ्या हाकतेस,” दादा म्हणतो.

“हाकते. शेळीच्या पायाखाली जाऊन हाकत नाही.”

यंत्राचं नाव त्यानंच ‘म्हैस’ ठेवलं. कारण ती काळी आहे, अवजड आहे आणि चार पाय पसरून एकदा बसली की हलत नाही. मग पाय वर घे याला तो ‘ऊठ’ म्हणायला लागला, पुढे घे याला ‘चल’ आणि पाय खाली रोव याला ‘बस’. मलाही गंमत वाटली, मीही तेच धरलं. इथवर ठीक होतं. घोटाळा असा की घणाच्या दिवसांत भिंत पडायला आली की शेवटच्या घावानंतर सगळी टोळी ओरडायची, “बस, बस!” म्हणजे पुरे. दादाच्या तोंडात ते इतकं मुरलेलं की पुरे म्हणायचं असलं तरी बस आणि बसव म्हणायचं असलं तरी बस. वर दोन्ही वेळेला तळहात जमिनीकडे करून तो हवेत थोपटणार. माझ्या कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे. मला कळावं कसं?

“थांबवायचं असेल तर ‘थांब’ म्हण आणि मूठ वर कर,” मी सांगायचे. “आणि म्हशीभोवती लावलेल्या पिवळ्या पट्टीच्या आत यायचं नाही. आत यायचंच असेल तर आधी मला दिस, मी लाल बटण दाबते, रिमोट कमरेवरून काढून खाली ठेवते, मग ये.”

“विजेची केबल जरा पायानं सरकवायची तर एवढी वरात?”

“हो, एवढी वरात.”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून भिंती पाडतोय मी.”

“मग त्या भिंतींना तू ऐकू येत असशील. म्हशीला मी सोडून कोणी ऐकू येत नाही.”

पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मी रिमोट हातात घेतला की आधी लाल बटण दाबून बघते, यंत्र खरंच मरतंय ना. रिमोटची बॅटरी भरलीय का बघते. अंगठा दांडीवरून उचलला की हालचाल थांबते ना, ते बघते. तोवर दादा खांबाला टेकून जांभया देतो आणि म्हणतो, “झाली का पूजा?”

मला राग याचा यायचा की त्याला मी धाकटी वाटते. यंत्र माझ्या हातात, शिकून आलेली मी, पण खुणा करायला उभा राहणारा माझा थोरला भाऊ. त्यानं मला सायकल शिकवली, शाळेत पोचवलं, माझ्यासाठी एकदा मारही खाल्ला. अशा माणसाला ‘पट्टीच्या मागे हो’ असं दिवसातून किती वेळा ओरडून सांगायचं? आणि नाही सांगितलं तर? घरी त्याची बायको आहे, आई आहे. एखाद दिवशी मी त्याला चिरडीन, या भीतीनं मला जेवण जायचं नाही. तो मात्र दोन वेळचं चापून जेवायचा.

त्या दिवशी आम्ही एका बंद पडलेल्या बँकेच्या तळघरात होतो. तिजोरीच्या खोलीची भिंत पाडायची होती. भिंत कसली, पहाड. आत लोखंडी सळ्यांचं जाळं. मुकादम सकाळपासून जिन्याच्या तोंडाशी येऊन घड्याळ बघत होता. दादा आणि मी आधीच भांडलो होतो, कारण त्यानं पिवळी पट्टी म्हशीच्या हाताच्या टप्प्याइतकी लांब न लावता स्वतःच्या सोयीनं जवळ लावली होती. मी ती उखडून पुन्हा लावली. तो गप्प झाला. दादा गप्प झाला की समजावं, आता मुद्दाम काहीतरी करणार.

एक बाजू फोडून झाली. म्हशीला बाजूला सरकवायचं होतं. मी ब्रेकर बंद केला, हात दुमडला. मी तिच्या तोंडासमोर, बरीच लांब. दादाची जागा तिच्या पाठीमागे, पट्टीबाहेरच्या खांबापाशी. तिथून तो मागची बाजू आणि केबल बघतो. म्हशीला वीज केबलनं मिळते, आणि ती केबल नेमकी पायात जाते.

“ऊठ!” दादा ओरडला.

मी पाय उचलायला घेतले. म्हशीच्या पाठीवरून मला दादाचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. हेल्मेट दिसतंय म्हणजे तो खांबापाशी आहे, असं मी धरून चालले. चुकलं माझं. धुळीत हेल्मेट जवळ आहे की लांब, कळत नाही. केबल मागच्या डाव्या पायाखाली आली होती, आणि शहाणा माझा भाऊ पट्टी ओलांडून, बुटानं ती ढोसत तिथेच उभा होता. पाय वर आला, केबल सुटली, त्याचं काम झालं. हात वर करून, तळहात खाली थोपटत तो ओरडला:

“बस, बस!”

माझा अंगठा खाली गेला.

गोळ्यांतूनही ऐकू येईल अशी किंकाळी आली. मी लाल बटणावर तळहात आपटला. म्हैस जागच्या जागी मेली. आणि तेव्हा मला कळलं की ती मेलीय ती दादाच्या बुटावर पाय ठेवून.

नियमानं मी बरोबर केलं होतं. पण आता पाय उचलायचा तर यंत्र पुन्हा जिवंत करायला हवं. लाल बटण पिळून वर काढायचं, चालूचं बटण दाबून धरायचं, दिवा हिरवा होईपर्यंत वाट बघायची, मग पायांचं बटण, मग कुठला पाय ते निवडायचं. दुसराच पाय उचलला तर सगळा भार त्याच्या पायावर जाणार. मी तिच्या समोर उभी. तिचं डावं ते माझं उजवं. रोज न विचार करता जमणारी गोष्ट, आणि त्या क्षणी मला माझा जेवायचा हात कुठला तेही आठवेना.

“उचल की गं बये!” दादा बोंबलत होता. “काय फोटो काढतेस?”

“कुठला पाय?”

“माझा पाय!”

“म्हशीचा कुठला?”

“हा! हा इथला!”

मी डोळे मिटले. मी म्हशीच्या पाठीवर बसलेय, तोंड तिच्या तोंडाच्या दिशेला, असं मनात आणलं आणि डावीकडे मागे हात नेला. मागचा डावा. मग डोळे उघडून तेच बटण दाबलं आणि दांडी वर केली. पाय उचलला गेला. दादा पार्श्वभागावर आपटला आणि त्याच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले, ते आईला सांगण्यासारखे नाहीत. मी पुन्हा लाल बटण दाबलं, रिमोट खाली ठेवला आणि मगच धावले. त्याही वेळी रिमोट खाली ठेवला म्हणून त्यानं मला शिवी दिली.

बुटाच्या टोकात लोखंडी वाटी असते. ती डबा चेपावा तशी चेपली होती. तिनंच पाऊल वाचवलं.

मुकादम जिना उतरून आला. बूट बघितला, दादाला बघितलं, भिंत बघितली. “पाऊल शाबूत आहे ना? देवाची कृपा. याला पाठवून देऊ. ताई, हत्ती गेला, शेपूट राहिलंय. खुणा करायला मी उभा राहतो.”

“तुम्हाला खुणा येतात?”

“त्यात काय यायचंय? थोडं इकडे, थोडं तिकडे, बस.”

मी रिमोटची बॅटरी काढली आणि खिशात घातली. मुकादम बरंच काही बोलला. मी दादाची एक बाजू धरून जिना चढत होते, त्यामुळे सगळं ऐकलं नाही.

दवाखान्यात कळलं, पायाच्या अंगठ्याचं हाड मोडलंय. माझ्या अंगठ्यानं त्याचा अंगठा मोडला होता. डॉक्टर म्हणाले जुळून येईल, वाटी नसती तर बोटं गेली असती. प्लास्टर घालून, हातात काठी देऊन दादाला बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्याच्या शेजारी बसायची माझी इच्छा नव्हती.

कारण तो वहिनीला फोन करत होता. “काही नाही गं, घाबरू नकोस. धाकटीनं म्हैस बसवली माझ्या पायावर. हो ना! मी बस बस ओरडतोय आणि ही आणखी दाबतेय.” मग हसला. “तिला कुठे ऐकायची सवय आहे?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखानं नाही, संतापानं. आता ही गोष्ट सगळ्या घरात अशीच फिरणार. लग्नामुंजीत सांगितली जाणार. बायकांच्या हातात यंत्र दिलं की असं होतं, असं कोणीतरी काका म्हणणार आणि दादा काठी टेकत हसणार.

त्यानं फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “तू बस म्हणालास, मी बसवली.”

“अगं, बस म्हणजे पुरे! शेंबड्या पोरालाही कळतं.”

“बस म्हणजे पाय खाली. कोणी ठरवलं? तू.”

“मी आत होतो, दिसत नव्हतं का?”

“नव्हतं दिसत! आणि आत का होतास? मी ऐकत नाही? तुझंच तर ऐकते मी, दादा! तेवढंच करते दिवसभर! तुझं ऐकलं म्हणून तुझा पाय मोडला!”

शेजारच्या बाकावरच्या बाई बघायला लागल्या. दादा दुसरीकडे बघू लागला. त्याला लागलं असावं, किंवा औषधाचा अंमल ओसरत असावा. थोड्या वेळानं त्यानं काठी बाजूला घेतली, सरकून जागा केली आणि बाकावर तळहातानं थोपटलं.

“बरं, चिडू नकोस. बस.”

मी हलले नाही. पण दादा माझ्या कमरेकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं. रिमोट तिथे नव्हता. तरी माझा उजवा हात नेहमीच्या जागी होता, आणि अंगठा खाली दाबलेला होता.

मला तो दाबल्याचं कळलंही नव्हतं.

दादानं अंगठ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या प्लास्टरकडे.  

“थांब,” तो पुटपुटला.

“काय?”

“थांब, म्हटलं.”

“माझ्या कानांवर गोळे आहेत. मी तळघराच्या त्या टोकाला आहे.”

“अगं, दवाखाना आहे हा.”

“मग राहू दे. खुणा करायला मुकादमाला उभं करते.”

दादानं माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करत नव्हते, ते त्याला दिसलं. त्यानं छातीत हवा भरली, मूठ डोक्यावर नेली आणि भिंत पाडणाऱ्या माणसाच्या आवाजात ओरडला:

“थांब!”

औषधांची गाडी ढकलणारी नर्स थांबली. दारातून बाहेर पडणारे डॉक्टर थांबले. समोरून थर्मास घेऊन येणारा माणूस एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. सगळा व्हरांडा जागच्या जागी.

“बघ,” मी म्हटलं. “कळतं लोकांना.”

दादाची मूठ अजून वरच होती आणि चेहरा लाजेनं लाल झाला होता. नर्सनं त्याला झापायला सुरुवात केली. मग मी बसले.