भस्माच्या रेघा आणि गजेंद्रकाकांचे पाय

या, पुढे सरकून बसा. पेटीचा भाता मिटा, टाळ मांडीवर ठेवा. आज अभंगाआधी एक गोष्ट ऐका. गोष्ट लखनौची, माणसं आपली, आणि चमत्कार कोणाचा ते शेवटी तुम्हीच ठरवा.

तेलीबागेत लग्नाच्या एका लॉनवर डगरबाबांचा दरबार भरला होता. चपला काढायला जागा नव्हती, इतकी गर्दी. सुलभाकाकूंनी विकासनगरहून नवऱ्याला, गजेंद्रकाकांना, रिक्षात घालून आणलं होतं. काका रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर. जन्मभर रूळ तपासले, आणि आता पार्किन्सननं त्यांचेच पाय रुतायचे. दाराशी आले की उभे, जणू सिग्नल मिळत नाही.

"आइए हुज़ूर, तशरीफ़ लाइए," मखमली गादीवरून बाबा म्हणाले. "चलेंगे आप, हम तो सिर्फ़ रास्ता बिछाएँगे."

शिष्यानं जमिनीवर पावलापावलावर भस्माची आडवी रेघ ओढली. दुसरा चिमटा वाजवू लागला. छन, छन, छन. काकांनी पहिल्या रेघेकडे पाहिलं, पाय उचलला, दुसरी ओलांडली, आणि तरातरा मंचापर्यंत गेले. लॉन जयजयकारानं दणाणलं. काकूंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"माताजी, भभूत और गोली की आपस में बनती नहीं," बाबा म्हणाले. "आज से गोली बंद."

काकूंनी पर्समधली गोळ्यांची पाकिटं पुढच्या परातीत टाकली. परातीत आधीच बरीच पाकिटं होती. बाबांच्या कृपेला कोणत्याच औषधाचं वावडं नव्हतं.

घरी काकूंनी हॉलभर भस्माच्या रेघा ओढल्या. काका चालले. मग उकाड्यानं पंखा लावला, रेघा उडाल्या, आणि काका हॉलच्या मधोमध खांबासारखे उभे.

"पंखा बंद कर, नाहीतर माझा मुक्काम इथेच," काका म्हणाले.

पण पुढे थट्टा सरली. काकांचं अंग आखडत गेलं, घास गिळेना. काकूंनी दरबारात फोन लावला. शिष्य म्हणाला, "माताजी, श्रद्धा कम पड़ रही है."

हे मात्र काकूंना झोंबलं. दर गुरुवारी भजन चुकवलं नाही, आणि श्रद्धा कमी? त्या तडक देवापुढे बसल्या आणि टाळ घेऊन गायला लागल्या. काका तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात अडकले होते. टाळ घुमला तसा त्यांचा पाय सुटला. अवघडत, पण ठेक्यावर, ते देवघराकडे निघाले.

काकूंनी टाळ थांबवला. काका थांबले. वाजवला. काका चालले.

"अहो, बाबांची शक्ती माझ्यात आली की काय?"

"आली असेल तर आता पंखा लाव," काका पुटपुटले.

काकूंनी राजरत्नला फोन केला. तो काकांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, मेंदूविकारांचा डॉक्टर. धावत आला. गोळ्या बंद केल्याचं ऐकून त्याचा चेहराच उतरला.

"काकू, ही गोळी अशी एकदम तोडली तर जिवावर बेततं. आधी दवाखान्यात चला."

तिथे गोळी पुन्हा सुरू झाली. काका सावरून घरी आल्यावर राजरत्न एकदा भेटायला आला आणि म्हणाला, "काकू, भस्म संपलं असेल तर कणीक द्या."

त्यानं हॉलमध्ये कणकेच्या रेघा ओढल्या. काका झोकात चालले.

"बघा, गव्हात किती शक्ती आहे," राजरत्न म्हणाला.

काकू आधी रागावल्या, मग खुदकन हसल्या. "आता नीट सांग रे."

"आपण विचार न करता चालतो ना, ती आपोआप चालणारी यंत्रणा काकांच्या मेंदूत अडते. डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. समोर रेघ दिसली किंवा कानावर ठेका पडला, की मेंदू दुसऱ्या वाटेनं काम भागवतो. प्रत्येकाला जमेल असं नाही. आणि रेघ संपली की अडचण परत, कारण आजार तिथेच असतो. गोळी ती कमतरता बरीचशी भरून काढते."

"म्हणजे मेन लाइन अडली, गाडी बाजूच्या लूप लाइननं काढली," काका म्हणाले.

"अगदी. आणि बाबांनी लूप लाइन दाखवून मेन लाइनची दुरुस्तीच बंद करवली."

पुढच्या दरबारात काकू काकांना, टाळ आणि कणकेचा डबा घेऊन गेल्या. गर्दीत मागे बसलेली एक सून सासऱ्यांच्या, हरिहरजींच्या, गोळ्या परातीत टाकायला पर्स उघडत होती. काकूंनी तिच्यासमोरच रेघा ओढल्या, टाळ धरला, आणि काका मंचाकडे निघाले.

"देखिए, हमारी भभूत का कमाल," बाबा वरून म्हणाले.

"बाबा, ये आटा है. हमारे घर का," काकू म्हणाल्या. "और ये आज भी गोली खाकर आए हैं. अब आप बिना रेखा, बिना चिमटे के चलाकर दिखाइए."

बाबांनी डोळे मिटून जपमाळ ओढायला घेतली. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं लॉन हसलं. त्या सुनेनं गोळ्या आतच ठेवून पर्सची चेन ओढून घेतली.

काकूंचं गुरुवारचं भजन आजही चालू आहे. काकाही येतात, गोळी घेऊन, ठेक्यावर. देवाचं नाव गळ्यात हवंच, पण त्यानंच दिलेली बुद्धी परातीत टाकू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, आणि चमत्कार दिसला तर आधी रेघ पुसून पाहा.

आता टाळ उचला. फक्त पहिल्या ठेक्याला त्यांची आठवण ठेवा, ज्यांची पाकिटं त्या परातीत राहिली, आणि जे कुठल्यातरी दारात अजून अडकून उभे आहेत.