व्याह्यांनी मागितलेली पेनल्टी

शनिवारी सकाळी साडेनऊची बस सोडून शिट्टीमास्तर घरी आले, तोवर बायकोनं बैठकीतल्या खुर्च्या तीनदा पुसून झाल्या होत्या.

आठवडाभर मास्तर डेपोत शिट्टी मारून गाड्या सोडत आणि रविवारी त्याच शिट्टीवर फुटबॉलचे सामने चालवत. ती डेपोत वाजली की पलीकडच्या चौकात पळणारा चोरही जागच्या जागी उभा राही, असं कोपऱ्यावरचा न्हावी सांगे. आणि न्हाव्याचं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं. एकदा त्यांनी सख्ख्या मेहुण्याला लाल कार्ड दाखवलं. मेहुणा पुढची तीन वर्षं बहिणीशी खिडकीतूनच बोलायचा.

आज लेकीला पाहुणे यायचे होते. लेक इस्पितळात एक्स-रे काढायची. रंगाच्या कारखानदारांचा धाकटा मुलगा मनगट मोडून तिच्या यंत्राखाली आला, आणि हाड जुळल्यावरही दर आठवड्याला येत राहिला. दोघांचं जमलं. आता त्याचे वडील रीतसर बोलायला आले होते.

"आम्हाला काही म्हणजे काही नको," कारखानदार चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "हुंडा घेणाऱ्यांची मला चीड आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी मुलगी पाठवा."

मास्तरांच्या बायकोचे डोळे भरून आले.

"फक्त उद्याचं तेवढं बघा."

उद्या अंतिम सामना होता. कारखान्याचा संघ विरुद्ध गोदी कामगारांचा. पंच मास्तर.

"उद्याचं म्हणजे?"

"नऊ वर्षं करंडक नाही हो आमच्याकडे. शेवटी शेवटी एखादी पेनल्टी... आता घरचेच झालात म्हणून बोलतो. सोयरीक आपण सोमवारी जाहीर करू, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको." मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आमच्या थोरल्या सुनेचे वडील नगररचना खात्यात होते. त्यांनी गोदामाचा नकाशा मंजूर करून दिला. मधलीचे वीज खात्यात. ज्याच्या हातात जे असेल ते. जबरदस्ती कुणावर नाही."

मास्तरांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. दारात बायको उभी होती. तिच्या चेहऱ्यावर लग्नाचा मांडव कधीच उभा राहिला होता.

"बघू," मास्तर म्हणाले.

कारखानदारांनी जाताना त्यांना कडकडून मिठी मारली.

"बाबा, नाही का म्हणाला नाहीत?" पाहुणे गेल्यावर लेकीनं विचारलं.

"बघू म्हणजे काही होकार नव्हे."

"त्यांना तो होकारच वाटला."

"अगं, एक शिट्टी ती," आई मध्ये पडली. "वाजली आणि विरली. तुझा संसार जन्माचा आहे."

रात्रभर मास्तर कुशी बदलत होते.

रविवारी मैदान खचाखच भरलं. मास्तर एवढे जपून वागत होते, की कारखान्याच्या खेळाडूला साधी शिंक आली तरी त्याच्याविरुद्धच फाउल देतील असं वाटावं. शहाऐंशीव्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. तेवढ्यात कारखान्याचा आघाडीवीर चेंडू घेऊन गोलपुढच्या चौकटीत घुसला. गोदीचा बचावपटू, कपाटाएवढा माणूस, पाय टाकायला गेला. चेंडू राहिला बाजूला आणि आघाडीवीर आडवा झाला. मास्तर तीन पावलांवर होते. पंचगिरीच्या बावीस वर्षांत इतकी स्वच्छ पेनल्टी त्यांनी पाहिली नव्हती.

द्यावी तर मागितलेली दिली असं होणार. न द्यावी तर खेळाशी बेइमानी. मग त्यांनी शिट्टी वाजवली.

गोल झाला. गोदीच्या बाजूनं आरडाओरडा उठला, "काय मिळालं रे मास्तर?" आणि त्याहून वाईट बरंच काही. बचावपटू मात्र जवळ येऊन हळूच म्हणाला, "पाय माझाच लागला, मास्तर. त्यात वाद नाही. पण वाजवायच्या आधी तुम्ही मालकांच्या खुर्चीकडे का बघितलंत?"

आपण तिकडे बघितलं हे मास्तरांना ठाऊकच नव्हतं.

सामना संपल्यावर कारखानदार मैदानात उतरले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "शब्दाला जागलात, व्याही."

मास्तर घरी आले तेव्हा लेक आधीच येऊन बसली होती.

"मी त्याला भेटून आले," ती म्हणाली. "लग्न मोडलं."

आई मटकन खाली बसली.

"पेनल्टी खरी होती गं," मास्तर म्हणाले. "तू तर समोर होतीस."

"खरी होती, मी पाहिली. पण ते जन्मभर ती माझ्या नावावर मिळाली म्हणून सांगतील. आणि बाबा, तुमच्यानंतर पाळी माझी. उद्या त्यांच्या यंत्रात कुणा कामगाराचा हात गेला, तर सासरे म्हणतील, सूनबाई, त्या एक्स-रेत मोडलेलं दिसू नये एवढं बघ. ज्याच्या हातात जे असेल ते."

"आणि मुलगा? तो काय म्हणाला?"

"'वडिलांशी बोलून बघू,' म्हणाला." तिचा आवाज फाटला. ती आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

मास्तरांनी सामन्याच्या अहवालाचा कागद पुढ्यात ओढला. 'पेनल्टी नियमानुसार,' त्यांनी लिहिलं. 'परंतु कारखाना संघाच्या मालकांनी शनिवारी माझ्या घरी येऊन, सोयरिकीच्या बदल्यात, माझ्याकडे पेनल्टी मागितली होती. मी नकार दिला नाही. फुटबॉल मंडळाला कळवलंही नाही. सामना दुसऱ्या पंचाकडे देऊन पुन्हा खेळवावा.'

बायको मागे उभी राहून वाचत होती.

"पंचगिरी जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"तरी पाठवणार?"

मास्तरांनी कागदाखाली सही केली. आतला नळ बंद झाला. बायकोनं डोळे पुसले आणि ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"मग एकट्या मंडळाकडे पाठवू नका. सचिवांचा जावई त्याच कारखान्यात चिकटलाय, कागद फायलीत कुजेल. एक प्रत गोदीवाल्यांना द्या. आणि 'सोयरिकीच्या बदल्यात' असं मोघम कशाला? हुंडा लिहा."

मास्तरांनी नवा कागद घेतला.