इटालियन सोडून काहीही

सायकलवाल्याला बुद्धिबळात एकच सुरुवात येत होती, आणि तीही जावयाने शिकवलेली: राजापुढचं प्यादं, मग घोडा, मग उंट तिरका बाहेर. इटालियन. जावयाने तीच आपल्या शिंपी बापालाही शिकवली होती, त्यामुळे दोघे व्याही दर रविवारी तेवढ्याच भांडवलावर हिरिरीने भिडायचे.

या रविवारी मात्र बिनसलं होतं. जावयाने बायकोची जुनी सायकल तिला न विचारता भंगारात दिली होती. तिच्या बापाने स्वतःच्या हाताने जोडून दिलेली सायकल! लेक तडक माहेरी आली होती, पण मिरच्या जास्त बापालाच झोंबल्या होत्या. तरी व्याही नेहमीप्रमाणे आले, म्हणून पट मांडावा लागला.

"तुमच्या चिरंजीवांची इटालियन या घरात नको," म्हणत सायकलवाल्याने कडेचं प्यादं ढकललं. मग दुसऱ्या कडेचं.

शिंप्याने एकदा खिडकीकडे बघितलं आणि खेळू लागला. सायकलवाल्याचा हत्ती गेला, घोडा गेला, राजा उघड्यावर पडला. पण माघार घेईल तर तो सायकलवाला कसला! दारात उभ्या लेकीचा जीव नुसता वरखाली होत होता.

"मात," शिंपी हळूच म्हणाला आणि उठला. "येतो मग."

"थांबा ना, मामा," लेक म्हणाली. "बाबा, उठा तुम्ही."

तिने बापाच्या जागी बसून पट पुन्हा मांडला. प्यादं, घोडा, उंट. "उंट इथं आला की घाई करायची नाही, असं तो म्हणतो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला.

सायकलवाल्याचा राग तिथेच विरघळला. पोरीला केव्हाचं घरी जायचं होतं, आणि आपणच दार अडवून बसलो होतो.

शिंपी खिडकीतून हात हलवत होता.

"कुणाला खुणावताय?"

"तुमच्या जावयाला. सगळे भंगारवाले पालथे घालून सायकल आणलीय त्याने. वर यायला घाबरतोय. मी म्हटलं, इटालियन मांडली तर बोलावतो, नाहीतर गुपचूप घरी जा."

लेक खिडकीशी धावली. "अगं बाई, पुढचं चाकच नाही तिला!"

"चाकाचं मी बघतो," दुकानाच्या किल्ल्या शोधत सायकलवाला म्हणाला. "तू आधी त्याला..."

पण ऐकायला ती होतीच कुठे? चपलाही न घालता ती निम्मा जिना उतरली होती.