पातेल्याचा हेवा करणारी मतपेटी

मी एक जुनी मतपेटी आहे. उत्तर स्वीडनमधल्या एका लाकूडगिरणीच्या गावात माझा जन्म झाला. सुताराने मला इतके घासूनपुसून गुळगुळीत केले की पहिल्या मतदानाला लोक टोप्या काढून माझ्यापुढे उभे राहिले. मी फुशारून गेले.

पण मित्रांनो, माझा मान एका दिवसाचा. मतदान सरले की कामगार भवनाच्या स्वयंपाकघरात, फळीवर माझी रवानगी होई. खाली चुलीवर होते एक तांब्याचे पातेले. त्याच्याभोवती रोज गर्दी! कोणी त्याला प्रेमाने घासे, कोणी वाफेवर हात शेकत गाणी म्हणे. माझ्या अंगावर मात्र कांद्याच्या माळा टांगत. माझा नुसता जळफळाट होई.

१९२० च्या हिवाळ्यात गिरणी बंद पडली, तेव्हा तर पातेल्याचा भाव फारच वधारला. दोन बोटे करवतीत गमावलेला कामगार पुढारी वाल्फ्रिद त्यात वाटाण्याचे सूप रटरटवी आणि अख्खा गाव जेवी. धुणी धुणारी विधवा एद्लाही डबा घेऊन येई. तिला गावच्या गरीब-निधीतून मदत मिळाली असती. पण त्या निधीवर जगणाऱ्याला मत नाही, असा तेव्हा नियम होता. आणि येत्या निवडणुकीत बायका प्रथमच मत देणार होत्या. एद्लाने निधीकडे पाठ फिरवली.

शाळेच्या अल्फहिल्दबाई बटाटे सोलायला येत. बाई उदारमतवादी. बायकांच्या मतासाठी पंधरा वर्षे दारोदार सह्या गोळा करत हिंडलेल्या. त्यांचे आणि वाल्फ्रिदचे रोज वाजे.

"रिकाम्या पोटी मत घेऊन काय चाटायचंय, बाई?"

"आणि मत नसलं, तर उद्या तुझं पातेलं कोणी उचलून नेल्यावर जाब कोण विचारणार?"

बाई माझी बाजू घेत म्हणून मला आनंदाच्या उकळ्या फुटत. पण वाद संपला की त्याही वाडगा घेऊन पातेल्याकडेच वळत!

मतदानाचा दिवस उजाडला. एद्ला ठेवणीतला काळा रुमाल बांधून आली. मतदारयादी घेऊन बसलेल्या गृहस्थांनी तिला अडवले.

"तू फुकटचं जेवतेस. तुझं नाव खोडायचं."

एद्लाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मला? लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. म्हटले, बघा तुमच्या लाडक्या पातेल्याचे प्रताप!

तोच बाई पुढे झाल्या. "कायदा काढा साहेब. गावचा गरीब-निधी म्हटलंय त्यात. शेजाऱ्यांचं सूप कुठे लिहिलंय, दाखवा."

"तिने स्वतःच्या हातांनी आमचे टॉवेल धुतलेत हिवाळाभर," वाल्फ्रिद गरजला. "भीक नव्हती ती!"

कायद्याचे पान दोनदा उलटले गेले. शेवटी गृहस्थ खाकरून म्हणाले, "जाऊ द्या तिला."

एद्लाची चिठ्ठी माझ्या पोटात पडली. तिच्या बोटांना वाटाण्याचा वास होता. त्या हिवाळ्यात पातेले नसते, तर ती निधीच्या दारात गेली असती आणि माझ्यापर्यंत पोचलीच नसती. हे कळले, आणि माझी फळीन् फळी शरमली.

वाल्फ्रिद हळूच म्हणाला, "आम्हालाच दिलंस ना गं?"

एद्ला हसली. "सूप तुमचं होतं, दादा. मत माझं आहे."

वाल्फ्रिद खट्टू झाला. अल्फहिल्दबाई इतक्या खूश झाल्या, की एद्ला त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही विचारू नका हं, बाई."

तिने कोणाला मत दिले, ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

मित्रांनो, माझा हेवा अजून पुरता गेलेला नाही. सूप पिताना लोक जसे हसतात, तसे माझ्यापुढे कोणी हसत नाही. पण आता मी त्या पातेल्याचे वाईट चिंतत नाही. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. मत देऊन घाईने घरी पळू नका. दाराशी थोडे थांबा, आणि आत यायला निघालेल्या कोणाला परत तर पाठवले नाही ना, ते पाहा.