आबांच्या मेंढरांचं खातं

मी एक खातं बोलतोय. बँकेतलं नव्हे, ऑनलाइन खेळातलं. गेल्या आठवड्यात माझं बिऱ्हाड एकदाचं नव्या कंपनीत हललं आणि माझा जीव भांड्यात पडला, म्हणून आज चार शब्द बोलायला उसंत मिळाली.

माझा जन्म २००५ सालचा, शिरूरच्या एसटी स्टँडजवळ लुबनाच्या सायबर कॅफेत. कवठे येमाईच्या संपतनं मला उघडलं. तेव्हा त्याला अठरा पूर्ण नव्हती, म्हणून त्यानं आजोबांचं, ज्ञानूआबांचं नाव ठोकून दिलं. लबाडीच ती, पण मला आबांच्या नावाचा कधी कमीपणा वाटला नाही.

खेळ साधाच होता. रान घ्यायचं, जनावरं पाळायची, लांडग्यांपासून राखायची. बाकीची पोरं घोडे घ्यायची, संपतनं मेंढरं घेतली.

त्याला कारण होतं. आबांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. रानाला पाणी आलं, मुलगा म्हणाला आता भटकंती पुरे, आणि कळप विकला गेला. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात आला तेव्हा आबा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. पुढं कितीतरी दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत, असं संपत लुबनाला सांगत होता.

एकदा बाजाराला आलेल्या आबांना त्यानं माझ्यासमोर बसवलं. ‘ना वास, ना लेंड्या, ही कसली मेंढरं!’ म्हणून आबा हसले. पुढच्या बाजाराला मात्र आपणहून आले, आणि त्यांनी एकेकीचं नाव ठेवलं: लाडी, मोरी, भुंडी. माणसाची खोड मोठी गमतीची. ज्याला खोटं म्हणून हसतात, त्याचीच काळजी घरी घेऊन जातात.

तीन वर्षं सुखात गेली. मग आमची कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आणि इंग्रजीतून फर्मान सुटलं: सगळ्यांनी महिनाअखेरीपर्यंत आपलं खातं नव्या ठिकाणी हलवावं, नाहीतर ते आतल्या सगळ्यासकट पुसलं जाईल. तुमची इच्छा काय, हे कुणी विचारलं नाही.

संपत आता रांजणगावच्या कारखान्यात लागला होता. सुटीच्या दिवशी तो येऊन खटपट करायचा. नवं नाव, नवा पासवर्ड, वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची, आणि शेवटी पडदा पुन्हा पहिल्या पायरीवर. मदतीच्या नंबरवर फोन केला की नुसती गाणी. त्याचं डोकं असं फिरलं की लुबनानं कीबोर्ड त्याच्यापासून लांब सरकवून ठेवला.

गाडी अडली ती जन्मतारखेवर. संपतनं आपली घातली, ती चुकली. पुन्हा घातली, तीही चुकली. पडद्यावर आलं की आता चुकलं तर खातं कायमचं बंद. खातं आबांच्या नावावर, तर तारीखही त्यांचीच असणार, हे लुबनानं ओळखलं. पण आबांची जन्मतारीख खुद्द आबांनाच माहीत नव्हती आणि आपण तेव्हा काय टाकलं हे संपत साफ विसरला होता. मला माहीत होती हो! पण मला विचारतो कोण?

संपत म्हणाला, कॉम्प्युटर बिघडला असं आबांना सांगून टाकू. लुबना म्हणाली, “खोटं नको बोलू. त्यांनाच आणून बसव.”

बाजाराच्या दिवशी आबा आले. संपतनं खाली मान घालून सगळं सांगितलं. आबांनी खुर्ची लाडीजवळ ओढली.

“म्हंजी पुन्यांदा टेम्पो आला म्हन की,” ते म्हणाले.

संपतनं चाचरत त्यांच्या जन्माचं विचारलं.

“मला काय ठावं? तवा बी तू हेच इचारलं व्हतंस. मी न्हाई म्हनलो, तर तूच म्हनलास, माज्या बापाची, चुलत्याची, समद्यांची मास्तरनं येक जून लावलीया, तुमची बी तीच लावतो.”

संपतनं कपाळावर हात मारला. त्याचा स्वतःचा जन्म सरकारी दवाखान्यातला, त्याला खरी तारीख होती. एक जून त्याच्या डोक्यातच आली नव्हती. साल निवडणुकीच्या ओळखपत्रावरच्या वयावरून काढलं होतं, हेही त्याला आता आठवलं, आणि तो हिशेब लुबनानं पुन्हा करून दिला. संपतला बटण दाबवेना. शेवटी तिनंच दाबलं.

पडदा पांढरा झाला. मग हिरवं, अनोळखी रान उमटलं आणि एकेक मेंढी त्यात उतरू लागली. आबा पडद्याला बोट लावून नावं घेत होते. भुंडी मागं राहिली होती, तीही आली.

“समदी आली,” आबा म्हणाले. “ह्या खेपेला मी बघत व्हतो.”

आता मी नव्या जागी रुळलोय. पासवर्ड लांबलचक आहे आणि संपत तो विसरतो, पण कळप जागच्या जागी आहे. कंपनीवाल्यांनो, तुमच्यावर माझा राग नाही. पुन्हा कधी आम्हाला हलवायचंच झालं, तर एवढं करा, बाजाराच्या दिवशी हलवा. आबांना समोर बसायचं असतं.